भिंगाची भट्टी आणि चिचगडचे ऊन

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हे गाव उत्तर अक्षांशाच्या सुमारे २१ व्या अंशावर, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या जंगलपट्ट्यात वसले आहे. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात येथे मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. (असाच दुसरा दिवस जुलैच्या मध्यानंतर येतो, पण पावसाळी ढगांमुळे तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.) तेंदूपत्त्याच्या हंगामातील हे ऊन माणसाला नकोसे असते. परंतु भिंगाच्या साहाय्याने घरच्या घरी सौरभट्टी बांधू पाहणाऱ्याला मात्र याहून सोयीची वेळ नाही. भट्टीचे भिंग तेव्हा मुशीवर झाकणासारखे आडवे धरता येते आणि एकवटलेले किरण सरळ वरून मुशीत उतरतात.

बहिर्गोल भिंगाने कागद पेटविण्याचा खेळ बहुतेकांनी शाळेत केलेला असतो. तोच खेळ शास्त्राच्या इतिहासातही मोलाचा ठरला. जोसेफ प्रिस्टले याने १ ऑगस्ट १७७४ रोजी बारा इंच व्यासाच्या भिंगाने पाऱ्याचे लाल भस्म तापविले आणि त्यातून निघालेला वायू पुढे ऑक्सिजन म्हणून ओळखला गेला. ज्योत, धूर वा राख यांची भेसळ नसलेली उष्णता हा या साधनाचा खरा गुण होय.

मात्र भट्टीजोगे मोठे भिंग अखंड काचेचे करावयाचे तर ते अतिशय जड आणि महाग होते. ही अडचण फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगुस्तँ फ्रेनेल याने दीपगृहांसाठी सोडविली होती. भिंगाचा किरण वळविणारा भाग म्हणजे त्याचा पृष्ठभाग. मधल्या जाडीचे काम फारसे नसते, हे ओळखून त्याने भिंगाचे एकात एक बसणाऱ्या कड्यांत विभाजन केले. त्याच तत्त्वावर आज प्लास्टिकच्या पातळ तावावर गोलाकार खाचा पाडून भिंगे तयार होतात. जुन्या, मागून प्रतिमा टाकणाऱ्या मोठ्या दूरचित्रवाणी संचांच्या पडद्यात असा ताव असे. महाविद्यालयांच्या अडगळीत पडलेल्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काचेखालीही साधारण वीतभर लांबी-रुंदीचे किंवा थोडे मोठे फ्रेनेल भिंग सापडते.

आता थोडे गणित. निरभ्र दुपारी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट इतकी सौरशक्ती पडते. त्यातील सूर्याकडून सरळ येणारा भाग ८५० वॉट धरू, कारण भिंग तेवढाच भाग एकवटू शकते. आकाशातून विखरून येणारा उजेड त्याच्या उपयोगाचा नसतो. म्हणूनच पेटीची सूर्यचूल विरळ ढगांतही काहीशी तापते, भिंगाची भट्टी मात्र थंड पडते. एक मीटर लांब व पाऊण मीटर रुंद भिंगावर या हिशेबाने ६४० वॉट पडतात आणि परावर्तन, धूळ व खाचांतील तूट वजा जाता हाती येतात जेमतेम ५००. म्हणजे घरातल्या विजेच्या इस्त्रीहूनही कमी. एवढ्या शक्तीने एक लिटर पाणी उकळण्यास, काहीही उष्णता वाया गेली नाही असे मानले तरी, दहा मिनिटे लागतील. परंतु हेच ५०० वॉट अडीच सेंटिमीटर व्यासाच्या ठिपक्यात उतरले, की तेथील प्रखरता साध्या उन्हाच्या सुमारे हजारपट होते आणि तापमान तत्त्वतः दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. तापमान पुष्कळ, उष्णता थोडी, असा हा मामला आहे. हौशी मंडळींची निराशा होते ती बहुधा हा भेद लक्षात न घेतल्यामुळे.

उष्णताही पुष्कळ हवी असेल तर क्षेत्रफळ वाढवावे लागते आणि तेथे भिंग मागे पडून आरसा पुढे येतो. याचा अनुभव महाराष्ट्राच्या भूमीवर फार पूर्वी घेतला गेला आहे. मुंबई उच्च न्यायालयात डेप्युटी रजिस्ट्रार असलेले विल्यम अ‍ॅडम्स यांनी १८७० च्या दशकात आठ आरशांची चूल तयार करून सात सैनिकांचा शिधा दोन तासांत शिजविला. पुढे मध्य कुलाब्यातील आपल्या बंगल्यामागे त्यांनी १७ बाय १० इंचांचे ७२ सपाट आरसे अर्धवर्तुळाकार चौकटीवर बसविले, त्यांचा झोत एका बॉयलरवर सोडला आणि अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन दोन आठवडे दिवसा चालवून दाखविले. घडीव वक्र आरशापेक्षा बाजारात मिळणारे सपाट आरसे स्वस्त पडतात, हा त्यांचा हिशेब होता. १८७८ मध्ये त्यांनी या प्रयोगांवर पुस्तकही प्रसिद्ध केले. न्यायालयीन कामकाज सांभाळून केलेला हा उद्योग आज मुंबईकरांच्या विस्मरणात गेला आहे, हे खेदजनकच म्हणावे लागेल.

लातूरच्या महानंद दुग्धशाळेत दूध तापविण्यासाठी उभारलेली १६० चौरस मीटरची ‘अरुण’ ही तबकडी आयआयटी मुंबईच्या सहभागातून साकारली. तीतही लहान सपाट आरशांचीच जुळणी होती. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ मध्ये वोल्फगांग शेफलर यांच्या पद्धतीच्या ७३ तबकड्या वाफेवरील स्वयंपाकासाठी बसविण्यात आल्या.

भिंगाच्या वाट्याला मग काय उरते? सोनाराच्या मुशीएवढे काम. कथील २३२ अंशांना, जस्त ४२० अंशांना, अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या भिंगाला जेमतेम पन्नास वॉट मिळत असल्याने त्याने कथिलापुढे फारशी मजल मारू नये. मोठ्या तावाने मात्र अ‍ॅल्युमिनियमचे थोडे तुकडे वितळविता येतात. चकचकीत धातू उजेड परतवतो, यासाठी मूस काळ्या ग्राफाइटची असावी आणि भोवती भट्टीच्या विटांचे आवरण करावे. शिशाच्या वाटेला जाऊ नये. त्याची वाफ विषारी असते.

बांधणीत कसोटी लागते ती सूर्याचा पाठलाग करताना. सूर्य दर चार मिनिटांनी एक अंश सरकतो. नाभीय अंतर एक मीटर असेल तर तेवढ्या वेळात ठिपका सुमारे पावणेदोन सेंटिमीटर हलून मुशीच्या काठावर येतो. भिंग हलवावे आणि मागोमाग मूस हलवावी, असा उपद्व्याप टाळण्याचा साधा मार्ग म्हणजे चौकटीचा आस मुशीच्या तोंडातूनच जाईल अशी रचना करणे. दोन खांबांना बोल्टने दोन लांब हात जोडावेत, त्यांच्या टोकाला भिंगाची लाकडी चौकट बसवावी आणि सारे फिरत्या पाटावर ठेवावे. मग भिंग मुशीभोवती फिरते, मूस जागची हलत नाही. डिसेंबरमध्ये चिचगडला मध्यान्हीचा सूर्य जेमतेम ४६ अंश वर येतो. तेव्हा किरण तिरपे शिरतात, म्हणून मुशीचे तोंड रुंद ठेवावे लागते. चौकटीवर काटकोनात एक खिळा ठोकावा. त्याची सावली नाहीशी झाली की नेम साधला. खाचांची बाजू सूर्याकडे ठेवल्यास ठिपका रेखीव पडतो, मात्र धूळ वारंवार मऊ ब्रशने काढावी लागते. नाभी शोधताना भिंग पुठ्ठ्याने झाकून मध्ये तळहाताएवढीच जागा उघडी ठेवावी.

डोळ्यांवर वेल्डिंगचा गडद चष्मा हवा. साधा गॉगल पुरेसा नाही, कारण ठिपक्याचे परावर्तनही दृष्टिपटलाला इजा करू शकते. ओली वीट, ओली वाळू किंवा सिमेंटचा कोबा यांवर ठिपका पडू देऊ नये. आतल्या पाण्याची वाफ होऊन तुकडे उडतात. वितळलेल्या धातूजवळ पाणी आणणे तर अधिकच घातक.

चिचगडसारख्या गावी याहून मोठी काळजी जंगलाची. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याच्या सवयीतून वणवे लागतात, हे या भागाला नवे नाही. उन्हाळ्यात सागाची वाळलेली पाने कोणत्याही ठिणगीची वाट पाहत असतात. भट्टीखालची जमीन पाच-सहा मीटरपर्यंत झाडून मातीची उघडी ठेवावी आणि वापर नसताना भिंगावर जाड, अपारदर्शक कापड बांधावे. पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेले भिंगही निर्धोक नसते. बारा वाजता सावलीत असलेल्या त्या तावावर चार वाजता पश्चिमेचे ऊन पोहोचते, आणि एक मीटरवर काय पडले आहे हे तेव्हा पाहायला कोणी नसते.