मल्लेश्वराचे तीर्थ आणि हरवलेली दफनभूमी

बंगळुरास येणारा मराठी माणूस शहाजीराजांचे नाव मनात घेऊन येतो. १६३८ साली विजापूरच्या फौजेने हे शहर केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हे त्याला ठाऊक असते. त्या काळाची खूण कोठे पाहावी, हे मात्र ठाऊक नसते. आम्ही यशवंतपुरात राहणारी नोकरदार मंडळी एका रविवारी त्या शोधास निघालो.

यशवंतपुराहून विज्ञानसंस्थेच्या बाजूने मल्लेश्वरमकडे जाताना सँकी तलाव लागतो. तो रिचर्ड सँकी या लष्करी अभियंत्याने १८८२ साली बांधविला. त्यापुढे काडू मल्लेश्वराचे देवालय. तेथील शिलालेख १६६९ सालचा आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी, जे पुढे तंजावरचे राजे झाले, त्यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लपुराच्या मल्लिकार्जुनास इनाम दिल्याची त्यात नोंद आहे. हे गाव आजच्या विज्ञानसंस्थेच्या परिसरात होते, असे मानतात. लेखाची भाषा कन्नड आहे. मराठी राजपुत्र येथील प्रजेशी प्रजेच्याच भाषेत बोलला, ही गोष्ट आम्हां परप्रांतस्थांनी ध्यानी धरण्याजोगी आहे.

देवालयासमोरच नंदितीर्थ आहे. नंदीच्या मुखातून पडणारी धार खालच्या शिवलिंगावर पडते आणि तेथून कल्याणीत, म्हणजे पायऱ्यांच्या कुंडात, जाते. हे तीर्थ मातीखाली पार बुजून गेले होते. १९९७ साली मोकळ्या जागेत खोदकाम चालू असता ते पुन्हा उजेडात आले. इतकी वर्षे गाडलेले असूनही पाणी आपली वाट विसरले नव्हते, आणि भाविकही लगेच परतले.

दुपारी आम्ही जुन्या किल्ल्याकडे गेलो. २१ मार्च १७९१ च्या रात्री कॉर्नवॉलिसच्या सैन्याने हा किल्ला टिपूच्या शिबंदीकडून घेतला. त्या मोहिमेत पडलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना किल्ल्याजवळ पुरले होते. सैन्याबरोबर आलेल्या रॉबर्ट होम या चित्रकाराने ती दफनभूमी चितारून ठेवली आहे. आज चित्र उरले, दफनभूमी नाही. त्या मृतांसाठी उभारलेला उंच स्मृतिस्तंभही १९६४ साली पाडण्यात आला. विजेत्यांना येथे कोणी वारस उरला नव्हता. उलट किल्ला राखताना पडलेला किल्लेदार बहादूर खान याचा म्हणून लोक मानतात तो दर्गा बाजाराजवळच्या गर्दीत आजही आहे, व तेथे माथा टेकणारे आहेत.

पाण्याच्या नशिबीही हेच येते. धर्मांबुधी तलावाने एके काळी पेठेची तहान भागविली. नळाचे पाणी आल्यावर त्याची गरज सरली, आणि आज त्याच्या तळावर मॅजेस्टिकचे बसस्थानक आहे.

सारांश, स्मारक दगडाच्या बळावर टिकत नाही. त्याच्यापाशी नित्य येणाऱ्यांच्या बळावर टिकते. १६८७ साली बंगळूर तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले, भोसल्यांचा अंमल संपला. तरी एकोजींचा लेख राहिला, कारण ज्या देवाला इनाम दिले त्याची पूजा कन्नड शेजाऱ्यांनी खंडू दिली नाही. आमच्या इतिहासाची ही राखण त्यांनी केली. त्या शेजाऱ्यांची भाषा शिकणे, हे त्या ऋणाचे पहिले व्याज होय.