देवळालीचा ताप

सिन्नरचें नांव निघालें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें गोंदेश्वराचें पंचायतन उभें राहतें, आणि इतिहासाची गोडी असणाऱ्यांस यादवांचें सेऊणपूर आठवतें. त्या यादवांचे लेख संस्कृत, कानडी व मराठी अशा तिन्ही भाषांत सांपडतात. राज्य करावयाचें तर एका भाषेनें भागत नाहीं, एवढें त्यांस कळलें होतें. आज त्याच सिन्नरजवळ, माळेगांव व मुसळगांव येथील कारखान्यांत, मराठवाड्यांतून, उत्तर प्रदेशांतून व बिहारांतून माणसें पोटासाठीं येतात. त्यांच्या मजुरीची चर्चा थोडीबहुत होते. मनाची कोण करतो? अशा परमुलखांत पडलेल्या मनाच्या इतिहासाचें एक जुनें पान सिन्नरच्या शेजारीं देवळालीस आहे. तें उलगडून पाहण्याचा आमचा विचार आहे.

इ. स. १८६१ च्या सुमारास देवळालीस गोऱ्या फौजेची छावणी वसली. विलायतेहून आलेले शिपाई मुंबईस उतरले कीं तेथें येत, आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई परतीच्या जहाजाची वाट पाहत तेथेंच राहत. फौजेचीं जहाजें मात्र हिंवाळ्याच्या हंगामांतच चालत. शेवटचें जहाज हुकलें कीं पुढचा सारा उन्हाळा आणि सारा पावसाळा बराकींत काढणें आलें. पलटण मागें सुटलेली, घर अजून समुद्रापलीकडे, हातांस काम नाहीं. पुष्कळ शिपाई तेथें बेताल वागूं लागत. कांहींची बुद्धि खरोखरच ढळे. त्या काळच्या वैद्यकांत अशा वेडाचें खापर बहुधा उन्हावर किंवा दारूवर फुटे. घराची ओढ हें कारण कागदावर येणें कठीण होतें.

शिपायांनीं मात्र या दुखण्यास आपलें नांव दिलें. गांवाचें नांव 'डूलाली' असें मोडून घेतलें, त्यास आपल्या हिंदुस्थानींतील 'ताप' जोडला, आणि 'डूलाली टॅप' हा शब्द तयार झाला. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायानें १९३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत याची हकीकत दिली आहे. पुढें 'ताप' गळून पडला आणि नुसतें 'डूलाली' इंग्रजी भाषेंत भ्रमिष्ट या अर्थानें राहिलें. आज लंडनांत तो शब्द सहज वापरणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल कीं आपण नाशिकजवळच्या एका गांवाचें नांव घेत आहों? थट्टेचा शब्द खरा. पण वैद्याजवळ जें नांव नव्हतें तें रोग्यांनीं शोधलें, आणि तेंही दोन परक्या भाषांची मोडतोड करून, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

असाच प्रकार यूरोपांतही घडला. मानसोपचारास 'बोलण्याचा उपचार' म्हणतात, तें नांव एका रोगिणीनें दिलेलें आहे. १८८० ते १८८२ या काळांत व्हिएन्नाचे डॉक्टर ब्रॉयर हे बर्था पापेनहाइम या तरुणीवर उपचार करीत होते. वडिलांच्या आजारांत तिचें चित्त बिघडलें, आणि कांहीं काळ तिची जर्मन ही मातृभाषाच हरपली. ती इंग्रजी तेवढी बोले. ब्रॉयरना इंग्रजी समजत होतें म्हणूनच तो संवाद चालूं शकला, आणि उपचाराचें नांवही तिनें इंग्रजींतच ठेवलें. (ब्रॉयर व फ्रॉइड यांच्या १८९५ च्या पुस्तकावरून वाटतें तितकी ती तेव्हां बरी झाली नव्हती, हेंही येथें सांगितलें पाहिजे.)

तेव्हां रोग्याशीं मातृभाषेंत बोललें कीं काम झालें, असा सोपा नियम कोणी काढूं नये. हिटलरच्या काळांत यूरोपांतले अनेक मानसोपचारतज्ज्ञ अमेरिकेस गेले. त्यांतल्या ईडिथ बक्सबॉम यांनीं १९४९ सालीं दाखविलें कीं मागाहून शिकलेली भाषा रोग्यास ढालीसारखी उपयोगी पडते. पुढच्याच वर्षीं राल्फ ग्रीनसन यांनीं एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. जर्मन बोलूं लागतांच तिला आपण भेदरलेलें, मळकें पोर आहों असें वाटे. इंग्रजींत ती सभ्य स्त्री असे. आमच्या घरांतून हें अपरिचित नाहीं. जी गोष्ट आईपुढें मराठींत उच्चारवत नाहीं, ती मुलगी डॉक्टरांस इंग्रजींत धडाधड सांगते. बहुभाषी उपचारकाचें कसब येथेंच आहे: रोग्यानें भाषा कोठें बदलली, आणि ती बदलतांना काय मागें ठेवलें, हें ओळखणें.

आमची मराठी या बाबतींत दरिद्री नाहीं. घालमेल, हुरहूर, रुखरुख, जीव टांगणीला लागणें यांतली प्रत्येक छटा निराळी आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं ठाण्यास काढलेल्या संस्थेनें मनाच्या आरोग्याची भाषा मराठी घरांत आणली, हें मोठेंच कार्य होय. परंतु सिन्नरला आलेला भोजपुरी मजूर काय म्हणेल? 'मन नइखे लागत.' याचें मराठी 'करमत नाहीं' असेंच होतें. करमणें या क्रियापदांत माणूस, जागा आणि सोबत तिन्ही येतात. त्याच्या जागीं नुसतें 'उदास' लिहिलें कीं गांव व सोबत दोन्ही वगळलीं जातात, आणि उरलेल्या रोगास गोळी मिळते.

देवळालीच्या छावणींत १९४७ नंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांनाही आसरा मिळाला. तीं माणसें एकत्र राहिलीं, त्यांची बोली त्यांच्यासंगें राहिली. एकटा आलेला मजूर तसा सुदैवी नसतो. सरकारनें कांहीं केलेंच नाहीं असें नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणें, रोग्यास समजेल अशा भाषेंत माहिती दिल्यावांचून त्याची संमति खरी धरतां येत नाहीं. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सेवा अनेक भाषांत सुरू झाली. पण तालुक्याच्या दवाखान्यांत समोरासमोर बोलावयाचें तर दुभाष्या लागतो, आणि तो बहुधा मजुराच्या सोबत आलेलाच कोणी असतो: गांववाला, खोलींतला सोबती, नाहींतर मुकादम. ज्या मुकादमाच्या कर्जानें झोंप उडाली तोच शेजारीं बसून भाषांतर करूं लागला, तर मजूर पोट दुखतें एवढेंच सांगतो, आणि पोटाचें औषध घेऊन परत जातो.