चालत्या डिस्कची नक्कल

एका सर्व्हरवरचा लॉजिकल व्हॉल्यूम दुसऱ्या सर्व्हरवर उतरवताना बाइट वाहून नेणे हा सर्वांत सोपा भाग, आणि सर्वांत जुनाही. ते काम करणारी डीडी ही आज्ञा १९७४ साली बेल लॅब्जच्या युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीत आली. कुठून घ्यायचे आणि कुठे ठेवायचे हे बरोबरचे चिन्ह घालून सांगण्याची तिची धाटणी मात्र युनिक्सच्या घरातली नाही. ती आयबीएमच्या मेनफ्रेमवरच्या जेसीएल भाषेकडून आली. त्या यंत्रांच्या टेपवरची एबसिडिक अक्षरे आस्कीत बदलणे हेही डीडीचेच काम होते. फाइल कशाला म्हणतात याच्याशी तिला देणेघेणे नाही. वेगळे काही सांगितले नाही तर ५१२ बाइटांचा एकेक ठोकळा ती इकडून उचलते आणि तिकडे ठेवते. आजही एसएसएचच्या नळीतून व्हॉल्यूम पाठवताना अनेक जण तिलाच हाक मारतात.

खरा पेच वेगळा होता. नक्कल चालू असताना मूळ डिस्क हलता कामा नये, आणि एकाच वेळी तिच्यावर दोघांचा हात पडता कामा नये. या दोन अटी पाळता पाळता पुढची सगळी वंशावळ वाढली.

आधी डिस्कचे विभाजन म्हणजे पार्टिशन असे, सलग जागेला खिळलेले. शेजारी मोकळी जागा नसेल तर ते वाढवता येत नसे. मग सगळे टेपवर घ्या, डिस्क नव्याने आखा, परत भरा. १९९० साली आयबीएमच्या आरएस/६००० यंत्रांबरोबर आलेल्या एआयएक्स-३ ने ही सक्ती मोडली. डिस्कचे सारखे तुकडे पाडायचे आणि व्हॉल्यूमचा कोणता तुकडा प्रत्यक्षात कुठे आहे याचा तक्ता ठेवायचा, अशी ही युक्ती. लिनक्ससाठी हे काम हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ च्या सुमारास केले. नमुना होता एचपी-यूएक्सचा. तुकडा सहसा ४ एमबीचा, म्हणजे १०० जीबीच्या व्हॉल्यूमला तक्त्यात २५,६०० नोंदी. व्हॉल्यूम असा नुसता तक्ता झाला आणि त्यातूनच पहिल्या अटीचे उत्तर निघाले.

ते उत्तर म्हणजे स्नॅपशॉट. या साऱ्या कुळात मला हीच कल्पना सर्वांत देखणी वाटते. स्नॅपशॉट घेताना काहीच नकलले जात नाही. त्यानंतर मूळ व्हॉल्यूमच्या एखाद्या भागावर पहिल्यांदा लिहायची वेळ आली की तिथला जुना मजकूर आधी बाजूला ठेवला जातो. वाचणाऱ्याला त्या क्षणाची डिस्क दिसत राहते आणि काम करणाऱ्याला थांबावे लागत नाही. मात्र बाजूची जागा भरून गेली तर स्नॅपशॉट बाद होतो आणि अर्धी झालेली नक्कल टाकून द्यावी लागते. शिवाय डेटाबेसने स्मृतीत धरून ठेवलेले आणि अजून डिस्कवर न लिहिलेले स्नॅपशॉटमध्ये येत नाही. ते आधी उतरवून घ्यावे लागते.

दुसरी अट नेटवर्कमुळे तीव्र झाली. डिस्कशी बोलण्याची स्कझी ही भाषा १९८६ साली प्रमाण झाली, पण ती आखूड केबलपुरती होती. आयबीएमच्या हैफा प्रयोगशाळेतले ज्युलियन सत्रान हे प्रमुख संपादक असलेला आयस्कझीचा प्रमाण दस्तऐवज एप्रिल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तीच भाषा साध्या टीसीपीवरून बोलता येऊ लागली. आता एकच डिस्क दोन सर्व्हरांना आपापली वाटते. दोघांनी एकाच वेळी आपापला व्हॉल्यूम वाढवला, तर दोघेही तोच मोकळा तुकडा उचलतात आणि तक्ता बिघडतो. एक्स्ट४ किंवा एक्सएफएस दोन्हीकडे एकाच वेळी माउंट केली तर डेटाचा चुराडा होतो, कारण या फाइलसिस्टिम डिस्कचा मालक एकच आहे असे धरून चालतात. म्हणून कुलपे आली. आधी सीएलव्हीएमडी होते. सर्व्हर आपसांत बोलून कुलूप कोणाकडे ते ठरवत. पुढे एलव्हीएमलॉकडी आले. त्याच्या सोबतीला सॅनलॉक असेल तर ताब्याची नोंद त्या सामायिक डिस्कवरच होते.

कुलपे नीट बसली की सामायिक साठ्यावर बहुतेकदा नकलेची गरजच उरत नाही. इथे व्हॉल्यूम निष्क्रिय करायचा, तिथे सक्रिय करायचा. एकही बाइट हलत नाही. नक्कल लागते ती साठा बदलताना किंवा तसाच दुसरा व्हॉल्यूम हवा असताना. त्या वेळी आकार बाइटांत मोजून घ्यावा. नवा व्हॉल्यूम लहान पडला तर शेपूट कापले जाते. मोठा झाला आणि आत व्हर्च्युअल मशीनची जीपीटी डिस्क असेल, तर पार्टिशनांच्या तक्त्याची शेवटच्या सेक्टरवर असायला हवी ती राखीव प्रत अधेमधे राहते आणि दुरुस्त करावी लागते. एक्सएफएसची नक्कल मूळ व्हॉल्यूम माउंट असलेल्याच सर्व्हरवर उघडू पाहिली, तर दोघांची यूयूआयडी ही ओळख एकच असल्याने कर्नल नकार देतो. नकलेला नवी ओळख दिली की ती माउंट होते.