महिरप आणि ताबूत : पुण्यातल्या कातरकामाचा मागोवा

काही वर्षांपूर्वी मोहरमच्या दिवसांत रात्री पुण्याच्या पूर्व भागातून घरी परतताना एका गल्लीच्या तोंडाशी ताबूत उभा दिसला आणि मी थांबलो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पांढऱ्या कागदाची जाळी, जाळीमागे लाल-हिरवा पतंगी कागद, त्यामागे बेगड आणि आत दिवा. त्या जाळीतली आठ टोकांची चांदणी माझ्या ओळखीची होती. लहानपणी आमच्याकडे गणपतीचे मखर वडील घरीच करीत. चौकोनी कागदाला मध्यातून तीन घड्या घालून ते कात्री चालवीत आणि घडी उलगडली की हीच चांदणी समोर येई. मग ही चांदणी मुळात कोणाची? तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे.

शोध घेताना पहिली अडचण आली ती पुराव्याची. ताबूत पाण्यात थंडे करायचे असतात, मखर विसर्जनानंतर मोडायचे असते आणि आकाशकंदील पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाड्यांची कोरीव दारे-खिडक्या पाहता येतात. कागदाची जाळी मात्र कोणी जपायची म्हणून करतच नाही. त्यामुळे या कलेचा इतिहास कागद, शब्द आणि भूमिती यांच्याकडूनच काढून घ्यावा लागतो.

आधी कागद पाहू. कसबा पेठेतल्या कागदीपुऱ्यात मुसलमान कागदी हातकागद बनवीत. 1885 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या पुणे खंडात या धंद्याची नोंद आहे. जुनी गोणपाटे भिजवायची, चुना घालून कुटायची, लगदा नदीच्या पाण्यात धुवायचा, चौकटीवर ताव उचलायचा आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटायचा, असा तो उद्योग. दप्तरखाने, पोथ्या आणि सावकारांच्या वह्या अशाच हातकागदावर चालत. कागदाला पुढे कोणत्या धर्माचे काम लागणार, हे कागद करणारा विचारत नसे.

आता शब्द. मखराच्या दर्शनी कमानीला आपण महिरप म्हणतो. पानाभोवती रांगोळी काढतो तीही महिरपच. हा शब्द ‘मेहराब’वरून, म्हणजे मशिदीतल्या प्रार्थनेची दिशा दाखवणाऱ्या कमानदार कोनाड्याच्या नावावरून आला आहे. पाकळीदार कमान मोगल वास्तूंतून मराठी वाड्यांत आणि देवघरांत आली, आणि नावासकट घरची झाली. ‘कागद’ फारसीतून आलेला आणि ‘कात्री’ संस्कृत ‘कर्तरी’तून, दोघांचे काम एकमेकांवाचून चालत नाही. जोर ओसरला की ‘ताबूत थंडे झाले’ असे म्हणणाऱ्या घरांतही पूर्वी ताबूत पाहिलेले असणार, नाहीतर ही म्हण रुळली नसती.

तिसरा साक्षीदार भूमिती. एक चौकोन दुसऱ्यावर 45 अंशांनी फिरवून ठेवला की अष्टकोनी तारा होतो. चौकोनाची बाजू 10 सेंटिमीटर असेल तर दुसरा चौकोन तिला दोन्ही टोकांपासून सुमारे 2.9 सेंटिमीटरवर छेदतो. घडी घालणाऱ्याला हे गणित करावे लागत नाही, ते घडीतच असते. कागद अर्धा दुमडून त्याचे तीन सारखे भाग केले की सहा टोकांचा तारा मिळतो. हाच षट्कोन गणेशयंत्रात आहे आणि दिल्लीच्या हुमायूनच्या कबरीच्या दर्शनी कमानींवरही आहे. सलग जाळीला घडी पुरत नाही. तिथे अनेक ताव एकावर एक टाचून बारीक छिन्नीने पाडावे लागतात. थर लावताना पुढच्या कागदाची भोके मोठी, मागच्याची लहान ठेवायची. म्हणजे मागचा रंग कडेने डोकावतो आणि सपाट कागदाला खोली येते. मी स्वतः हे करून पाहिले. पहिले तीन ताव फाटले. चौथ्यात कळले की नक्षीपेक्षा मधल्या पट्ट्या सांभाळायच्या असतात.

ताबुतांशी मराठी समाजाचे नाते जुने आहे. ग्वाल्हेरला शिंद्यांचा आणि इंदूरला होळकरांचा सरकारी ताजिया निघे. पुण्यातही हिंदू ताबूत बसवीत, नवस बोलत, डोल्यांपुढे नाचत. 1893 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दंगल झाली आणि हे चित्र पालटले. 1894 च्या मोहरमात पुण्यातले बहुतेक हिंदू दूर राहिले. त्याच वर्षी सार्वजनिक गणेशोत्सवाने मोठे रूप घेतले, मेळ्यांच्या पदांतून ताबूत सोडण्याची हाक दिली गेली आणि सप्टेंबरात दारूवाला पुलाजवळ चकमकही झाली. रिचर्ड कॅशमन यांनी ‘द मिथ ऑफ द लोकमान्य’ (1975) या ग्रंथात मेळे आणि मोहरमच्या टोळ्या यांतले साम्य दाखवले आहे. ते माणसांच्या मिरवणुकीविषयी आहे. माझे म्हणणे त्याहून लहान आहे : मिरवणुका वेगळ्या झाल्या, तरी महिरप, बेगड आणि चांदणी दोन्हीकडे राहिली. त्या भांडणाचा निकाल कात्रीपर्यंत पोहोचलाच नाही.

कात्रीचे नुकसान केले ते वेगळ्याच गोष्टीने. थर्माकोल आले, तापत्या तारेने झटपट कापले जाऊ लागले आणि घरची घडी सुटली. मार्च 2018 मध्ये राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. त्यानंतर पुठ्ठ्याची मखरे पुन्हा बाजारात दिसू लागली. पण त्यांची जाळी लेझर यंत्र कापते. यंत्राला दोष नाही. फक्त त्याच्याबरोबर घडी शिकवणारा माणूस येत नाही.

वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत वर्तमानपत्राची एक घडी सापडली, कातरलेली, पण कधीच न उलगडलेली. मी ती उलगडली नाही. कडेवरूनच नक्षी उतरवून घेतली. वाचकांना एक विनंती : यंदाचा कंदील उतरवाल तेव्हा त्याची एखादी जाळी कोऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवा आणि खाली साल लिहा. असे शंभर कागद जमले, तर या कलेच्या इतिहासाला पुण्यात पहिल्यांदाच दप्तर मिळेल.