पन्नास रुपयांचा दंड

भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें, १८६१ सालीं नागपूर मध्यप्रांताची राजधानी बनलें, आणि १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंडसंहिता अमलांत आली. जुन्या मराठी अमदानींत दिवाणी वादांत हरणारा ‘गुन्हेगारी’ देई व जिंकणाराही ‘हरकी’ भरी. त्यांचें छापील कोष्टक नव्हतें. नव्या संहितेनें दंड न भरणाऱ्यासाठीं कोष्टकच घालून दिलें. ज्या गुन्ह्यास केवळ दंडच सांगितला आहे, तेथें पन्नास रुपयांपर्यंत दंड थकल्यास फार तर दोन महिने कैद, शंभरापर्यंत चार, त्यापुढें सहा.

दंड अवाजवी नसावा, असें त्याच संहितेनें बजावलें होतें. पण कोणाच्या मानानें? महालांतील कोष्ट्याला पन्नास रुपये म्हणजे कित्येक महिन्यांची कमाई. इतवारींतला सावकार ते मोजून घरीं जाई, कोष्टी तोच गुन्हा तुरुंगांत फेडी.

नवल हें कीं, रुपया घसरत गेला तरी हे आंकडे १६२ वर्षें हलले नाहींत. अखेरीस जेमतेम शंभराची एक नोट चार महिन्यांच्या कैदेला पुरी पडे! १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत तीस दिवसांची मुदत व दोन-तीन हप्ते यांची सोय होती खरी, पण ती देणें न देणें न्यायाधीशाच्या मर्जीवर. २०२३ सालीं केंद्र सरकारनें गरीब कैद्यांचा पंचवीस हजारांपर्यंतचा दंड भरण्याची योजना काढली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेंत पन्नासाचे पांच हजार व शंभराचे दहा हजार झाले. त्यापुढील दंडाची कैद मात्र सहा महिन्यांवरून एक वर्षावर गेली.