बेळगावची खानावळ

परवा एका लग्नासाठी बेळगावला जाणे झाले. चोर्ला घाट चढला की आम्हा गोवेकरांना बेळगाव परके वाटतच नाही. रोजची भाजी तिथली, लग्नाचा बस्ताही तिथलाच!

दुपारी खडेबाजारामागच्या गल्लीतल्या एका जुन्या खानावळीत शिरलो. ताटात ज्वारीची भाकरी, भरली वांगी, झुणका, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. मालकीणबाई म्हणाल्या, "आणि एक भाकरी घ्या की ओ सर." लगेच वळून शेजारच्या टेबलाशी त्या कानडीत बोलू लागल्या. तो गिऱ्हाईक त्याच वांग्यांना 'एण्णगाई' म्हणत होता.

बाहेर पाटीवर वर ठळक कानडी अक्षरे, खाली बारीक मराठी. वाचून घेतले तर मराठीत 'खानावळ', कानडीत 'खानावळी'. शब्द एकच, भांडण मात्र अक्षरांच्या आकाराचे. पाटीवर साठ टक्के कानडी हवे, असा कायदा कर्नाटकाने २०२४ साली केला. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात फ्रेंचसाठी १९७७ साली झालेला कायदाही असाच पाट्यांपर्यंत पोचला होता.

या गावाला सीमा नवी नाही. बेळगाव शहर इंग्रजांचे, तर लगतचे शहापूर सांगली संस्थानात. चार पावले चालले की राज्य बदलायचे! १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि ती सीमा पुसली गेली. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पण १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली. महाजन आयोग झाला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. एक नोव्हेंबरला इथे कुणी राज्योत्सव करतो, कुणी काळा दिवस पाळतो.

ताट एक आहे म्हणून मराठीत कागद मागणाऱ्याची मागणी खोटी ठरत नाही. मी स्वतः सरकारी कारकून. आपल्या भाषेतला अर्ज हाती आला की म्हाताऱ्या माणसाचा चेहरा कसा खुलतो, ते रोज पाहतो. पण १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी आमचे घर मराठीवादी आणि शेजारचे कोकणीवादी होते. त्या वर्षी चवथीला त्यांच्याकडून नेवऱ्या आल्या नाहीत, आमच्याही गेल्या नाहीत. मी लहान होतो, कायदा कळला नाही. नेवऱ्या आल्या नाहीत, एवढे कळले.

निघताना मालकीणबाईंनी विचारले, "जेवण बरे होते काय ओ?" शेजारच्यालाही त्यांनी तेच विचारले असावे, कानडीत. आम्ही दोघांनीही मान डोलावली.