सायकलसफरीची सोबत

अनेक दिवसांच्या सायकलसफरीसाठी कोणत्या मंडळींत सामील व्हावे, हा प्रश्न आज ज्याच्यापुढे येतो तो रोजचे अंतर, चढउतार, मुक्काम आणि दर यांची कोष्टके पाहून निर्णय घेतो. परंतु ही कोष्टके ज्या गरजेतून जन्मास आली, ती सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातील गरज प्रथम सोबतीची होती, आणि बाकीच्या तरतुदी तिच्या मागोमाग आल्या, असे त्या काळचा वृत्तान्त पाहता मला वाटते.

इंग्लंडातील हमरस्ते तेव्हा मोठ्या संक्रमणावस्थेत होते. आगगाडीने लांबचा प्रवास हिरावून घेतल्यामुळे रस्त्याकाठच्या मुसाफिरखान्यांची रया गेली होती, आणि ज्या थोड्या घोडागाड्या उरल्या होत्या त्यांच्या सारथ्यांना उंच चाकावर बसून शेजारून निघून जाणारा तरुण डोळ्यांत सलत असे. १८७६ साली सेंट आल्बन्सच्या गाडीवानाने एका सायकलस्वारावर चाबूक ओढला, आणि त्याच गाडीवरील रखवालदाराने दोरीला बांधलेला लोखंडी गोळा चाकात फेकून त्याला खाली पाडले; दोघांनाही दंड झाला खरा, परंतु अशा रस्त्यांवर एकट्याने आठ दिवस हिंडण्याची उमेद किती जणांना राहिली असेल!

या परिस्थितीत स्टॅन्ली कॉटरेल नावाच्या, एडिंबरो येथे वैद्यक शिकणाऱ्या तरुणाने १८७८ च्या ऑगस्टमध्ये हॅरोगेट येथे ‘बायसिकल टूरिंग क्लब’ची स्थापना केली. सभासदास सफरीसाठी जोडीदार मिळवून देणे, रस्त्यावरील आगळिकीपासून त्याचे संरक्षण करणे आणि ठरीव, सवलतीच्या दराने त्याच्या मुक्कामाची सोय करणे, ही त्या मंडळाची उद्दिष्टे होती. त्यांसाठी गावोगाव ‘कौन्सल’ नेमण्यात आले. आपल्या जुन्या कारभारातील मुखत्याराप्रमाणे मंडळाच्या वतीने काम पाहणारा हा स्थानिक गृहस्थ रस्ता कसा आहे, उतार कोठे घातक आहे, चाक मोडल्यास दुरुस्ती कोण करील, याची खात्रीची माहिती परक्या सभासदास देत असे. मुसाफिरखान्यांशी दरांचे करार झाले, ते दर पुस्तिकेत छापले गेले, आणि पंख असलेल्या चाकाची खूण दारावर दिसली की आत आपला हक्काचा मुक्काम आहे हे थकल्याभागल्या स्वारास दुरूनच कळू लागले. सभासदांसाठी गणवेशही ठरला. तो आरंभी गडद हिरवा होता, पण त्यावर धूळ फार दिसू लागल्याने पुढे करडे कापड निवडावे लागले. १८८० मध्ये स्त्रियांस प्रवेश मिळाला, १८८३ मध्ये तीनचाकीवाल्यांचाही समावेश व्हावा म्हणून मंडळाने ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ हे नाव धारण केले, आणि १८९९ पर्यंत सभासदसंख्या साठ हजारांवर गेली.

करारामागे किती बळ आहे याची कसोटी ऑक्टोबर १८९८ मध्ये लागली. स्त्रियांच्या सोयीस्कर पोशाखासाठी झटणाऱ्या लेडी हार्बर्टन सरे परगण्यातील ऑकम येथील हॉटबॉय हॉटेलात दुपारच्या जेवणासाठी उतरल्या. हे हॉटेल मंडळाच्या यादीतले होते. तथापि बाईंनी स्कर्टऐवजी घोळदार विजार परिधान केलेली पाहून मालकिणीने त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिले नाही, आणि मद्यगृहालगतच्या खोलीकडे बोट दाखविले. बाई तेथे बसण्यास राजी न होता निघून गेल्या, आणि मंडळाने स्वखर्चाने फिर्याद गुदरली. १८९९ च्या एप्रिलमध्ये पंचांनी मालकिणीस निर्दोष ठरविले. खटला हरला असला तरी एका सभासदाच्या मानासाठी साऱ्या मंडळाने न्यायासनासमोर उभे राहावे, ही गोष्ट मला त्या साठ हजारांच्या आकड्याहून अधिक मोलाची वाटते.

याच्या अगदी उलट टोकाला मुंबईची हकीकत आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि इराण, इराकचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असा सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास करून १८ मार्च १९२८ रोजी परतले तेव्हा आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघेच उरले होते. एकजण इराणातूनच माघारी फिरला होता आणि दोघांनी अमेरिकेत साथ सोडली होती. एकाच आखाड्यात घुमलेल्या जिवलगांचीही ही गत व्हावी, मग केवळ पत्रक वाचून एकत्र येणाऱ्या अनोळखी माणसांची सोबत टिकावी कशी?

याचे उत्तर योजनापूर्वक शोधण्याचा सर्वांत मोठा उद्योग माझ्या मते १९७६ मध्ये अमेरिकेत झाला. स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त ग्रेग व जून सिपल आणि डॅन व लिस बर्डन या दोन दांपत्यांनी ‘बाइकसेंटेनियल’ ही सफर उभारली. पॅसिफिक किनाऱ्यावरील ओरेगनपासून व्हर्जिनियातील यॉर्कटाउनपर्यंत दहा राज्यांतून जाणाऱ्या, ४,२५० मैलांच्या या मार्गावर त्या उन्हाळ्यात चार हजारांहून अधिक माणसे निघाली, आणि त्यांपैकी सुमारे निम्म्यांनी तो संपूर्ण पार केला. एकट्याने जावे की तुकडीतून, तंबूत निजावे की शाळा व चर्च यांच्या छपराखाली, पूर्वेकडून निघावे की पश्चिमेकडून, संपूर्ण मार्ग घ्यावा की त्याचा एखादाच टप्पा, हे ज्याने त्याने ठरवावयाचे होते. परंतु तुकडी पत्करणाऱ्यास ती सुमारे डझनभर माणसांचीच मिळे, आणि तिच्यावर या कामासाठी खास तयार केलेला नायक असे. हा आकार फार विचाराने ठरलेला दिसतो. बारा माणसांची नावे पहिल्या संध्याकाळीच पाठ होतात, त्यांचे रांधणे एका चुलीवर निभते, आणि कोलोरॅडोतील साडेअकरा हजार फुटांवरच्या हूझिअर खिंडीत कोणी मागे राहिला तर त्याची अनुपस्थिती तत्काळ ध्यानी येते; चाळीसांच्या जमावात तोच मनुष्य रात्रीच्या जेवणापर्यंत कोणाला आठवणार नाही. म्हणून सफर निवडणाऱ्या स्नेह्यांनी मला विचारले, तर दर आणि अंतर यांच्याही आधी तुकडी केवढी आहे आणि नायक कोण आहे याची चौकशी करा, असेच मी त्यांना सांगत आलो आहे.